कळा खऱ्या की खोट्या?

बाळंतपणाचा विषय दिवाळी अंकात कशाला, असे एखादा पुरुष वाचक म्हणेल. पण रात्री दोन वाजता गाडी काढायची वेळ त्याच्यावरच येते. तेव्हा त्यानेही हे वाचलेले बरे.

पहिल्या बाळंतपणाला लेकीने माहेरी यायचे ही आपल्याकडची जुनी रीत, आणि पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलीही ती अजून हौसेने पाळतात. माझे माहेर जुन्नर तालुक्यातले येडगाव. कुकडीवर १९७७ साली धरण झाले तेच हे गाव. भोवती ऊस, द्राक्षे, टोमॅटो. दवाखान्यासाठी नारायणगाव गाठायचे. दिवसा याचे काही वाटत नाही. रात्री मात्र उसाच्या फडांमधल्या रस्त्याने निघायचे म्हणजे घरातली मंडळी दहादा विचार करतात, कारण जुन्नरचा बिबट्या आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला आहे. आणि कळा सुरू होण्याचा मुहूर्त बहुधा रात्रीचाच!

कळा येतात म्हणजे काय होते? गर्भाशय ही स्नायूंची पिशवी आहे. ती मधूनमधून आवळते आणि सैल होते. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स या इंग्रज डॉक्टरने १८७२ साली लिहून ठेवले की, असे आवळणे बाळंतपणाच्या कितीतरी आधीपासून चालू असते. सुरुवातीला ते बाईच्या लक्षातही येत नाही. पुढे पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर पोट एकाएकी दगडासारखे घट्ट झाल्याचे जाणवू लागते, आणि दिवस भरत आले की ते चांगले दुखतेसुद्धा. डॉक्टरांनी या कळांना ब्रॅक्स्टन हिक्स यांचेच नाव दिले. आपण मात्र त्यांना ‘खोट्या कळा’ म्हणतो. मला हा शब्द मुळीच आवडत नाही. दुखणे खरेच असते हो! त्या दुखण्याने गर्भाशयाचे तोंड उघडत नाही, एवढेच काय ते खोटे.

गेल्या वर्षी गणपतीत मी येडगावला होते. भावाची मुलगी पुण्याहून बाळंतपणाला आली होती. अडतिसावा आठवडा चालू होता. एका रात्री तिच्या पोटात कळा येऊ लागल्या. वहिनीने देवापुढे दिवा लावला, दादाने गाडी काढली आणि आम्ही नारायणगाव गाठले. डॉक्टरीणबाईंनी तपासले, बाळाचे ठोके ऐकले आणि शांतपणे सांगितले, “अजून वेळ आहे. घरी जाऊन झोप.” उजाडता उजाडता परत आलो, तो दारातच शेजारच्या काकू उभ्या. “काय हे, हात हलवत आलात?” त्या हसल्या, आम्हीही हसलो. पोरगी मात्र हसली नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी पहाटे ती पाठीला उशी लावून अंथरुणात गप्प बसलेली मला दिसली. ओठ आवळलेले होते.

“किती वेळ दुखतंय गं?”

“बाराला सुरू झालं. पण आत्या, परत पाठवलं तर?”

माझा सारा लेख या एका प्रश्नासाठी आहे. पहिल्या खेपेला घाईने गेलेली मुलगी परत आली, तर तिचे काहीच बिघडत नाही. बिघडते ते त्या परत येण्याची लाज वाटून ती दुसऱ्या खेपेला गप्प राहते तेव्हा.

माझी आई तोवर उठून आली होती. तिने नातीच्या पोटावर हात ठेवला आणि एकदम विचारले, “सांग बरं, पुरणाला डाळ किती, गूळ किती?” मुलीने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली. कळ आली होती. ती ओसरेपर्यंत तिला एक शब्द बोलता येईना. “कपडे बदल,” आई म्हणाली. पुस्तकांतही हेच लिहिलेले असते, फक्त पुरणाशिवाय! कळ चालू असताना बाईला सहज बोलता येते तोवर थोडा धीर धरावा. बोलणे तुटू लागले की निघायची तयारी करावी.

दुसरी परीक्षा घड्याळाची. इथे पुष्कळांची गफलत होते. एक कळ संपल्यापासून नव्हे, तर ती सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ मोजायचा. खोट्या कळा लहरी असतात. एक आली, मग सात मिनिटांनी दुसरी, मग पाऊण तास काहीच नाही. कूस बदलली, चार पावले चालले, लघवीला जाऊन आले, तांब्याभर पाणी प्यायले की त्या बहुधा विरतात. अंगातले पाणी कमी झाले तरी पोट आवळते. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हे लक्षात ठेवावे. खऱ्या कळा असल्या कशानेही थांबत नाहीत. त्या पुष्कळदा कमरेतून निघून पुढे ओटीपोटात येतात, आणि तासागणिक लांब, जोरदार व जवळजवळ होत जातात. पहिलटकरणीला दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली, तर निघावे, असा साधारण हिशेब सांगतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला इतके थांबू नये, बाळंतपण भराभर उरकते. दवाखाना लांब असला तरी आधीच निघावे. (चालून पाहायचे तर घरातल्या घरात. पहाटे अंगणात फेऱ्या घालण्याचा सल्ला मी येडगावात कुणाला देणार नाही.)

तरीही पक्का निर्णय तपासणीतच होतो. गर्भाशयाचे तोंड पातळ होऊन दहा सेंटिमीटर उघडावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालच्या मार्गदर्शनात पाच सेंटिमीटरपासून प्रसूतीचा वेगाचा टप्पा धरला आहे, आणि पहिलटकरणीला तिथवर पोचायलाच कित्येक तास लागू शकतात. “घरी जा” म्हणणारे डॉक्टर आपल्याला हाकलत नसतात, ते यामुळे. नुसते पोट पाहून किंवा फोनवर ऐकून मात्र कुणीही, अगदी माझ्या आईनेही, छातीठोकपणे सांगू नये.

काही वेळा घड्याळ बघत बसायचेच नाही. पाणी गेले, मग कळा असोत वा नसोत. रक्त जाऊ लागले. बाळाची हालचाल कमी वाटली. डोके फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली. आधीचे बाळंतपण सिझेरियनचे असून कळा सुरू झाल्या. तर ताबडतोब निघावे. सदतीस आठवडे पुरे होण्याआधीच कळा ठरावीक अंतराने येऊ लागल्या तरी तसेच. तिथे ‘खोट्या असतील’ म्हणून रात्र काढणे महागात पडते. वेळेवर पोचले तर बाळाची फुप्फुसे तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने देता येतात. आणि कळा वाढवायचे इंजेक्शन घरी कुणाच्या हातून कधीही घेऊ नये. त्याने गर्भाशय फाटल्याची उदाहरणे आहेत.

तारखेचेही फार मनावर घेऊ नये. आपल्या आज्यांचे नऊ महिने नऊ दिवस आणि डॉक्टरांचे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासूनचे नऊ महिने सात दिवस यांत तसे अंतर थोडेच. पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरांत चार-पाचच.

आमची नात त्या दिवशी दुपारी जन्मली. शेजारच्या काकूच पहिल्या बघायला आल्या.

वहिनीने तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवलेला कागद अजून तिथेच आहे, कारण पौषात धाकट्या सुनेचे दिवस भरतात. त्यावर डॉक्टरीणबाईंचा आणि गावच्या आशाताईंचा फोन नंबर आहे. खाली मोठ्या अक्षरांत १०८ आणि १०२ हे रुग्णवाहिकेचे नंबर, रक्तगट, आणि तपासणीची फाइल कुठल्या कप्प्यात आहे ते लिहिले आहे. सगळ्यात खाली दादाच्या अक्षरात एक ओळ आहे : ‘गाडीत पेट्रोल भरून ठेवणे.’