कोर्लईसमोरची ‘बोट’

जुलै २०२५ मध्ये मुरुड तालुक्यातल्या कोर्लईसमोर रडारवर संशयास्पद पाकिस्तानी बोट दिसली आणि ऐन पावसात सगळी यंत्रणा किनाऱ्याकडे धावली. १९९३ साली शेखाडीला आरडीएक्स उतरलं तो हाच रायगड जिल्हा, तेव्हा धावपळ रास्तच होती. निघाला मात्र जाळ्याचा बोया, यंत्र बसवलेला, वाहत आलेला.

अशा बोयांवर बहुधा एआयएस, म्हणजे आपली ओळख आणि जागा आपोआप कळवणारं यंत्र, असतं. ते १६२ मेगाहर्ट्झच्या आसपास सेकंदाला ९,६०० बिट्सच्या वेगानं बोलतं. एका वाहिनीवर मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले; आपला तुकडा पकडायचा, नऊ आकडी क्रमांक, जागा आणि वेग सांगायचा नि गप्प बसायचं. शून्यावरून एकावर जाताना लहर झटक्यात बदलली तर शेजारच्या वाहिनीत खरखर होते, म्हणून तो बदल आधी गाऊसच्या वक्रानं गुळगुळीत करतात. शेवटी तपासणीचे १६ बिट्स. हिशेब जुळला नाही की संदेश बाद. क्रमांकाची सुरुवात ४१९ असेल तर भारत, ४६३ असेल तर पाकिस्तान. पण तो क्रमांक नौकेवर आहे की जाळ्यावर, याच्याशी त्या १६ बिट्सना देणंघेणं नाही. जे पाठवलं तेच पोचलं, एवढीच त्यांची हमी.

मोबाइलवरच्या बोलण्याला इतका काटेकोरपणा परवडत नाही. सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे ६४ किलोबिट; जीएसएमच्या पहिल्या पद्धतीनं ते १३ वर आणले. आवाज जसाच्या तसा जातच नाही. दर वीस मिलिसेकंदांनी घशा-तोंडाची घडण सांगणारे मोजके आकडे आणि उरलेल्या कंपनाचा गोषवारा जातो, आणि पलीकडे आवाज नव्यानं घडवला जातो. बेल लॅब्समधल्या बिष्णू अटल यांचं या विद्येतलं काम पायाभूत आहे. मात्र हा साचा माणसाच्या गळ्याचा. एकदऱ्याच्या तांडेलानं चालत्या डिझेल इंजिनाशेजारी उभं राहून फोन केला, तर इंजिनही त्याच साच्यात कोंबलं जातं आणि घरच्यांना भलतंच घुमणं ऐकू येतं.

चित्राचीही तीच तऱ्हा. राजपुरीहून होडीनं निघताना व्हिडिओ कॉल लावून बघा. जंजिऱ्याचा तट स्वच्छ दिसतो, लाटांचे चौकोन पडतात. फोन हलला तरी तट सगळा एकाच दिशेला सरकतो. ‘मागचंच चित्र, जरा डावीकडे’ एवढं सांगून भागतं. फेसाचा मागच्या चित्रात मागमूसच नसतो, त्यामुळे तो दर वेळी नव्यानं पाठवावा लागतो. तेवढे बिट्स पुरत नाहीत, मग चित्राचे ठळक आणि बारीक भाग वेगळे करणाऱ्या, नासिर अहमद, नटराजन आणि राव यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कोसाइन रूपांतरातले बारीक तपशील गाळले जातात. डोळ्यांना ते फारसं खुपत नाही, हा त्यातला धूर्त भाग.

संकटाच्या हाकेत असं काही गाळून चालत नाही, आणि नुसतं पोचूनही भागत नाही. इस्रोच्या जुन्या संकटसूचक यंत्राचं बटण दाबल्यावर उपग्रहामार्फत इशारा तटरक्षक दलाकडे जाई, पण समुद्रातल्या माणसाला काहीच कळत नसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रावर उलट संदेश येतो: इशारा मिळाला.