अजात वारसांची मिळकत

कलकत्त्याच्या टागोर घराण्यातील प्रसन्नकुमार टागोर हे आपल्या काळातील अत्यंत नामांकित वकील. कलकत्ता विद्यापीठातील ज्या व्याख्यानमालेने हिंदी कायद्याच्या अभ्यासाला बळ दिले, तिच्यासाठी द्रव्याची तरतूद करून गेले तेही तेच. अशा कायदेपंडिताने 1862 साली स्वतःचे मृत्युपत्र केले आणि त्यात, ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या आपल्या एकुलत्या एक मुलास, ज्ञानेंद्रमोहनास, वगळून, पुतण्या यतींद्रमोहन यांस मिळकतीचा तहहयात उपभोग, त्यांच्यामागे त्यांच्या मुलास, मग त्या मुलाच्या मुलास, असा केवळ पुरुषवंशातून उतरत जाणारा क्रम पिढ्यान् पिढ्यांसाठी आखून ठेवला. इंग्लंडातील जमीनदार घराण्यांची ही रीत. बंगालात चालणाऱ्या दायभाग पद्धतीत मुलाला वडिलांच्या मिळकतीत जन्मतः हक्क नसल्यामुळे त्याला डावलण्याचा अधिकार पित्यास होता, याविषयी फारसा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो, जे अद्याप जन्मासच आले नाहीत त्यांना मालक ठरविण्याचा अधिकार त्याला कोठून आला, हा.

1868 मध्ये प्रसन्नकुमार निवर्तले, मुलाने फिर्याद लावली, आणि प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊन 1872 मध्ये निकाल झाला. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दान घेणारा दात्याच्या मृत्यूसमयी अस्तित्वात असला पाहिजे, मग तो गर्भस्थ का असेना. आणि धर्मशास्त्राला अपरिचित असा वारसाक्रम कोणत्याही खासगी इसमास आपल्या इच्छेने निर्माण करता येत नाही, असे न्यायाधीशांनी ठरविले. यतींद्रमोहन यांचा तहहयात हक्क कायम राहिला, पुढची सारी साखळी रद्द झाली, आणि त्यांच्या निधनानंतरची मिळकत, तिची वैध विल्हेवाट लागली नाही म्हणून, नैसर्गिक वारसाकडे, म्हणजे वगळलेल्या मुलाकडेच, वळली.

यतींद्रमोहन 1908 पर्यंत हयात होते आणि ज्ञानेंद्रमोहन 1890 मध्येच इंग्लंडात वारले, म्हणजे मिळकत हाती येण्याची वेळ मुलाच्या आयुष्यात आलीच नाही. तथापि त्यावरून त्याला काहीच मिळाले नाही असे म्हणणे कायद्याच्या दृष्टीने चूक ठरेल. उपभोगाची वेळ पुढची असली तरी हक्क आजच निश्चित झालेला असू शकतो, आणि असा निहित हक्क विकता येतो, तारण ठेवता येतो, धारक आधी वारला तर त्याच्या वारसांकडे जातो. याउलट, 'अमक्याने विवाह केला तर' किंवा 'तमका निपुत्रिक वारला तर' अशा, घडेल की नाही हे अनिश्चित असलेल्या प्रसंगावर जो हक्क टांगलेला असतो, तो प्रसंग घडेपर्यंत परिपूर्ण होत नाही. मालमत्ता हस्तांतरणाच्या 1882 च्या कायद्याने हा भेद कलम 19 व 21 मध्ये स्पष्ट केला, आणि शब्दांत संदिग्धता असेल तर न्यायालये साधारणतः हक्क निहित मानण्याकडेच झुकतात.

या दोहोंच्याही खाली एक तिसरी पायरी आहे, आणि आपल्याकडील बहुसंख्य घरगुती तंटे तिच्याविषयीच्या अज्ञानातून उद्भवतात, असे मला वाटते. वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत मुलांना केवळ आशा असते, हक्क नसतो. आणि मालमत्ता हस्तांतरणाच्या त्याच कायद्याच्या कलम 6 प्रमाणे ही आशा हस्तांतरित करता येत नाही. बहिणींकडून वडिलांच्या हयातीतच लिहून घेतलेली हक्कसोडपत्रे गावोगावच्या कपाटांत जपून ठेवलेली असतात. मिळकत वडिलांची स्वतंत्र असेल तर त्या कागदाने बहुधा काहीच सोडले जात नाही, कारण सोडण्याजोगे त्या वेळी काही नव्हतेच. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीची गोष्ट निराळी. तेथे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने मुलाचा हक्क जन्मापासूनच मानला, हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने तो मुलीसही मिळाला, आणि असा अस्तित्वात असलेला हक्क योग्य दस्तऐवजाने सोडता येतो.

टागोर निकालाने घातलेला निर्बंध पुढे अनेकांस जाचक वाटू लागला. नातवंडांसाठी, ती जन्मण्यापूर्वी, काही राखून ठेवावे ही इच्छा वृद्ध माणसास स्वाभाविक आहे, आणि ती मोडून काढण्यात समाजाचे हितही नव्हते. म्हणून 1914 मध्ये मद्रासेत व 1916 मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात कायदे होऊन अजात व्यक्तीच्या नावे मिळकत ठेवण्याची मुभा मिळाली, मात्र दोन अटींवर. पहिली अशी की आधीच्या हयात व्यक्तीचा उपभोग संपल्यावर अजात व्यक्तीला उरलेली संपूर्ण मालकी द्यावी, तिलाही पुन्हा केवळ तहहयात हक्क देऊन मिळकत पुढे ढकलता येणार नाही. दुसरी अशी की हयात व्यक्तींचे आयुष्य आणि त्यानंतर एका वारसाचे अज्ञानपण, यापलीकडे मालकीचा निर्णय लांबविता येणार नाही. या दुसऱ्या नियमाचे मूळ 1682 मध्ये इंग्लंडात ड्यूक ऑफ नॉर्फोकच्या खटल्यात लॉर्ड नॉटिंगहॅम यांनी दिलेल्या निर्णयात आहे. हा निर्बंध मला न्याय्य वाटतो. मृत मनुष्याच्या इच्छेचा मान राखावा, परंतु ज्या जमिनीवर उद्याची पिढी नांगर धरणार, जी विकून ती आपल्या आजाऱ्याचा उपचार करणार, त्या जमिनीच्या प्रत्येक व्यवहारावर पणजोबाने कायमचा पहारा बसवावा, हे जिवंतांवर अन्याय करणारे आहे. सार्वजनिक धर्मादायाला मात्र कायद्याने या नियमातून सूट दिली आहे.

आपल्याकडच्या मृत्युपत्रांत सर्वांत जास्त आढळणारे वाक्य मात्र अजात नातवंडांविषयी नसते. ते 'माझ्यामागे पत्नीने तहहयात उपभोग घ्यावा व तिच्यामागे मिळकत मुलांस मिळावी' असे असते, आणि कोर्टात सर्वांत जास्त झिजते तेही हेच. 1956 पूर्वी हिंदू विधवेची मालकी सामान्यतः मर्यादित असे. कायदेशीर गरजेवाचून तिला मिळकत विकता येत नसे, आणि तिच्यामागून मिळकत ज्यांना जायची ते भाऊबंद तिच्या प्रत्येक खरेदीखतावर डोळा ठेवून असत. किती विधवांनी भरल्या घरात ओशाळवाणे जिणे काढले असेल! हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 14 ने ही मर्यादा काढून स्त्रीला पूर्ण मालक केले. परंतु त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात, मृत्युपत्र किंवा बक्षीसपत्राने मर्यादित हक्कच दिला असेल तर तो मर्यादितच राहील, असेही म्हटले आहे. मग पत्नीला दिलेला तहहयात हक्क कोणत्या भागात पडतो? सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तुलसम्मा खटल्यात सांगितले की, पोटगीच्या पूर्वीपासूनच्या हक्कापोटी मिळकत मिळाली असेल तर दस्तऐवजातील मर्यादेचे शब्द निष्प्रभ होतात व स्त्री पूर्ण मालक बनते. असा पूर्वहक्क होता की नव्हता, या एका प्रश्नावर मुलांचा पुढचा हक्क उभा राहतो किंवा कोसळतो. आणखी असे की, आधी पत्नीला 'पूर्ण मालकीने' असे लिहून पुढच्याच ओळीत तिच्यामागे मुलांना दिले, तर ही दुसरी ओळ पहिलीशी विसंगत म्हणून रद्द ठरण्याचा संभव असतो.

वयाची अट घालतानाही हाच विवेक हवा. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 114 खालील उदाहरणात, एकामागून एक दोघांना तहहयात उत्पन्न देऊन त्यांच्यामागे, दुसऱ्याच्या मुलांपैकी जो प्रथम 25 वर्षांचा होईल त्यास रक्कम द्यावी, अशी तरतूद आहे. तो मुलगा मृत्युपत्र करणाराच्या मृत्यूनंतरही जन्मू शकतो आणि त्याची पंचविशी कायद्याने ठरविलेल्या मुदतीबाहेर जाऊ शकते, एवढ्यावरूनच मुलासंबंधीची ती तरतूद निरर्थक ठरते, प्रत्यक्षात काय घडले याची वाट पाहिली जात नाही. त्या जागी 18 लिहिले असते तर ती टिकली असती.