नागरिक नसला तरी तो ‘व्यक्ती’ आहे

भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताची सहीही नाही. म्हणजे इथे आश्रय मागणे हा कायद्याने दिलेला हक्कच नाही. मग जीव वाचवून आलेल्या माणसाला उचलून सीमेपलीकडे सोडले, तर दाद कुठे मागायची? आमच्या मते उत्तर संविधानात आहे, पण ते अपुरे आहे.

कलम १९ मधील हक्क ‘नागरिकां’चे आहेत. कलम १४ आणि २१ मात्र ‘व्यक्ती’ला संरक्षण देतात. हा एक शब्द किती मोलाचा आहे, ते चकमा बांधवांना विचारा.

चकमा हे थेरवादी बौद्ध. काप्ताई धरणात चितगाव डोंगरी भागातली त्यांची शेतीवाडी बुडाली. १९६४ पासून ते भारतात आले आणि सरकारनेच त्यांना आजच्या अरुणाचलात वसवले. तीस वर्षांनी, १९९४ मध्ये, तिथल्या विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडण्याच्या नोटिसा दिल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ जानेवारी १९९६ च्या निकालात न्यायालयाने बजावले की कलम २१ नागरिक नसलेल्यांनाही लागू आहे, त्यांना बळाने हुसकावण्याचे प्रयत्न राज्याने रोखावेत आणि नागरिकत्वाचा अर्ज प्रलंबित असेपर्यंत कोणालाही त्या कारणाने घराबाहेर काढू नये.

आता दुसरी बाजू. ८ एप्रिल २०२१ रोजी जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की देशाबाहेर न काढले जाण्याचा हक्क कलम १९ शी, म्हणजे नागरिकत्वाशी, जोडलेला आहे. संरक्षण उरले ते एवढेच : ठरलेली कायदेशीर प्रक्रिया पाळल्याशिवाय पाठवू नका. रोहिंग्या मुस्लिम आहेत आणि ज्या म्यानमारमधून ते पळाले तो देश बौद्धबहुल आहे. म्हणून आपण गप्प राहायचे, हे आम्हाला मान्य नाही. चकमांसाठी जे कलम मागितले, तेच यांच्यासाठीही मागावे लागेल.

त्यानंतर महिनाभराच्या आतच, ३ मे २०२१ ला, मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारहून आलेल्या सात जणांना परत न पाठवता दिल्लीत संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कार्यालयापर्यंत जाऊ दिले. आधार तोच, कलम २१.

कार्यकर्त्यांनी एक लक्षात ठेवावे. कोठडीत असलेल्या कोणालाही १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मागता येतो आणि तिथे नागरिकत्वाची अट नाही. माणूस सीमेपलीकडे गेल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. पकडल्याचे कळताच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.