अकृष्ट अन्नाची पंचमी

गणेशचतुर्थीच्या मोदकांची गोडी जिभेवर रेंगाळत असतानाच दुसरे दिवशी ऋषिपंचमी येते, आणि पानावरून पोळी, वरण, गूळ, तेल ही नित्याची मंडळी एकदम उठून जातात. उरते ती वरीच्या तांदळाशेजारी वाढलेली एक भाजी. अळू, अंबाडी, माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, सुरण, मक्याच्या कणसाचे तुकडे, ओल्या भुईमुगाचे दाणे, जे जे परसात असेल ते ते तीत असते. पाहुणा म्हणेल, ही काय मिसळण आहे! पण कश्यप, अत्रि, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नि आणि वसिष्ठ हे सात ऋषी व त्यांच्यासमवेत अरुंधती यांच्या पूजेनंतरचा हा आहार आहे, आणि त्यामागे एक शब्द आहे.

तो शब्द ‘अकृष्ट’. आमच्या पंढरीतच राहून ज्यांनी शके १७१२ मध्ये (इ. स. १७९०) ‘धर्मसिंधु’ रचिला, त्या काशीनाथ उपाध्यायांनी, म्हणजे लोकांच्या बाबा पाध्यांनी, या दिवशी अकृष्ट भूमीतील शाकांचा आहार सांगितला आहे. ‘कृष्’ म्हणजे ओढणे, नांगर ओढणे, त्यावरूनच कृषी. नांगर न फिरलेल्या जमिनीत जे उगवते ते अकृष्ट. रुद्रपाठानंतर चमक म्हणताना आपण कृष्टपच्य आणि अकृष्टपच्य अशी दोन्ही धान्ये मागतो, हे ब्रह्मवृंदाला सांगावयास नकोच. कालिदासाच्या आश्रमवर्णनांत झोपडीच्या दाराशी हरिणे ज्याचा वाटा मागत उभी राहतात तो नीवार हेही असेच न नांगरता आलेले धान्य. कोकणपट्टीत डबक्यांच्या काठी आपोआप येणारा देवभात या दिवशी मुद्दाम शोधून आणतात, तो त्याचाच भाऊबंद.

शास्त्र जमिनीकडे बोट दाखविते. आमच्या माताभगिनींनी मात्र बोट बैलाकडे वळविले: त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खावयाचे नाही! हा फरक का पडला, ते व्रताच्या कथेत आहे.

कथा सर्वांना ठाऊक असते, पण बहुधा अर्धीच. एका ब्राह्मणीने विटाळचांडाळ पाळला नाही, म्हणून ती कुत्री झाली आणि तिच्या संसर्गाने तिचा पती बैल झाला, इतके लोक लक्षात ठेवतात. पुढे काय होते? दोघेही आपल्याच मुलाच्या दारी येतात. पित्याच्या श्राद्धाच्या दिवशी खिरीत सर्प गरळ टाकतो. ब्राह्मण मरतील म्हणून कुत्री ती खीर मुद्दाम उष्टी करते आणि सुनेचा मार खाते. रात्री बैल तिला सांगतो की, मुलाने आज मला दिवसभर तोंड बांधून औताला जुंपले, मारले, चारापाणी दिले नाही. मग हे श्राद्ध कोणाला पोहोचले? मुलगा हे ऐकतो, दोघांना तत्काळ खाऊ घालतो आणि उपाय विचारण्यास ऋषींकडे धावतो. श्राद्ध पित्याचे, आणि पिताच गोठ्यात उपाशी! ऋतुधर्म हा देहाचा निसर्गक्रम आहे. त्याचे पाप करून स्त्रीच्या माथी मारण्यात पुष्कळ कीर्तनकारांनी ही पंचमी खर्ची घातली. आमच्या मते कथेचा प्राण त्या उपाशी बैलात आहे. देशावर बहुतेक ठिकाणी पोळा होऊन पाचच दिवस झालेले असतात. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवावयाची आणि पंचमीला त्याच्या घामाचा घास एक दिवस सोडावयाचा, हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो.

हे ध्यानी घेतले म्हणजे स्वयंपाकाचे नियम आपोआप उलगडतात. धान्य नाही, कारण नांगराला बैल. तेल नाही, कारण घाण्याला बैल. गूळ नाही, कारण उसाच्या चरकाला बैल. चिंच झाडाची, नारळ माडाचा, मीठ मिठागराचे, मिरची कुंडीतली, ही चालतात.

अलीकडे तरुण मंडळी कीर्तन आटोपल्यावर हसत विचारतात, “बुवा, आता नांगर ट्रॅक्टर ओढतो, घाण्याला वीज लागते. मग पोळी खाल्ली तर काय बिघडले?” प्रश्न चतुर आहे. बैलाचे श्रम वाचले खरे, पण जमीन नांगरली गेलीच, ‘अकृष्ट’ राहिली नाही. आणि आदल्या दिवशी मंडईत भाजीचे तयार वाटे मिळतात, ते कोणत्या रानातून आले हे कोण विचारतो? गावात जागा नाही, गच्चीवर दोन कुंड्या एवढीच शेती, त्यांनी वाटा आणावा. पण आपल्या हातची चार पाने तरी त्यात घालावी.

ज्यांचे परस अजून शाबूत आहे, त्यांनी चतुर्थीच्या सायंकाळीच पाहणी करावी. भेंडीचे टोक कट्‌कन मोडले तर ती कोवळी. वाकले तर ती बियाण्याला ठेवावी. दोडक्याच्या शिरेत नख रुतले पाहिजे. कणसाचे केस तपकिरी झाले असावेत आणि दाणा नखाने दाबला असता दूध यावे. अळूची बाहेरची पाने घ्यावी, मधला गुंडाळलेला कोंब सोडावा, म्हणजे आठवड्यात पुन्हा पाने येतात. मका, लाल भोपळा, मिरची, भुईमूग ही चारही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतास उतरल्यानंतरच्या काळात ती इकडे आली. तरी सप्तर्षींच्या नैवेद्यात ती निमूट सामावली, आणि एकाही शास्त्र्याने त्यांना गोत्र विचारले नाही!

शिजविण्याला घाई उपयोगाची नाही. अळू व सुरण यांत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांनी घसा खवखवतो. म्हणून सुरणाच्या फोडी आधी चिंचेच्या पाण्यात ठेवाव्या आणि अळूची देठे सोलून घ्यावी. जाड बुडाच्या पातेल्यात साजूक तूप, त्यावर मिरचीचे तुकडे. मग सुरण, कणसाचे तुकडे व दाणे पाण्यात चांगले शिजू द्यावे. नंतर भोपळा, पडवळ, दोडका, भेंडी, आणि शेवटी चिरलेला पाला. चिंचेचा कोळ भाज्या नरम झाल्यावरच घालावा, कारण आंबट आधी पडले की फोडी टणक राहतात. अंबाडी भरपूर असेल तर चिंच कमी. मीठ, ओले खोबरे, झाकण, मंद आच. हिंग, मोहरी, गोडा मसाला यांची आठवण येईल, येऊ द्यावी. पहिल्या घासाला भाजी सपक वाटते, तिसऱ्या घासाला अंबाडी वेगळी कळते, पडवळ वेगळे कळते, आणि पान रिकामे होईपर्यंत मसाल्याचा विसर पडतो.

एवढे मात्र सांभाळावे की, पंचमीच्या उत्साहात सारी बाग ओरबाडली जाऊ नये. दोनतीन दिवसांत अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात आणि ज्येष्ठा नक्षत्राच्या पूजेला कित्येक घरांत सोळा भाज्यांचा नैवेद्य असतो. काळ्या देठाचा वडीचा अळू त्यांच्यासाठी राखावा, भोपळ्याची काही नरफुलेही वेलावर ठेवावी. ती सकाळी खुडून डाळीच्या पिठात बुडवून तळली, की माहेरवाशिणी मागून घेतात.