आधी वाटा, मग पाणी

वाटाघाटीतून शाश्वततेकडे : भाग ६

शेजारशेजारच्या बोअर एकमेकींचं पाणी कसं पळवतात, ते मागच्या भागात पाहिलं. आज पुरंदर तालुक्यात जाऊ.

१९७२ च्या दुष्काळात खडी फोडणारी माणसं पाहून पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे अस्वस्थ झाले. नायगावला देवस्थानची सुमारे ४० एकर माळजमीन त्यांनी भाडेपट्ट्यानं घेतली, बांधबंदिस्ती केली, पाणी अडवलं आणि त्यावर पीक उभं करून दाखवलं. १९७४ मध्ये ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन झालं. पण अडवलेलं पाणी जाणार कुणाच्या रानात? आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा आपोआप मिळतं: ज्याची जमीन जास्त आणि मोटर मोठी, त्याच्या रानात.

साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीनं हे उत्तर नाकारलं. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवला. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी. घरात माणसं कितीही असोत, कमाल अडीच एकर. बाकीची जमीन कोरडवाहूच राहणार. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि भूमिहीनालाही वाटा. त्यानं कुणाची तरी जमीन वाट्यानं करायची आणि आपलं पाणी तिथं न्यायचं. मला या साऱ्यात हे कलम सगळ्यांत धाडसाचं वाटतं, कारण त्यामुळे ज्याच्याकडे काहीच नाही तो माणूसही वाटाघाटीत हातात काहीतरी घेऊन बसतो.

मोठा शेतकरी याला कबूल का व्हावा? एकट्याच्या बळावर उपसा योजना उभी करणं परवडत नव्हतं. शासनाचं अनुदान निम्मं, प्रतिष्ठानचं बिनव्याजी कर्ज ३० टक्के आणि उरलेले २० टक्के लाभधारकांनी स्वतः घालायचे, अशी रचना होती. योजना गटालाच मिळणार, म्हणून गट जमवणं भाग होतं. गट जमवायचा तर लहान शेतकऱ्याचं ऐकणंही आलंच. पुढे पाण्याच्या पाळ्या सांभाळायला गटानंच पाटकरी नेमायचा. त्याचा पगार गट देतो, त्यामुळे तो एका घराचा मिंधा राहत नाही.

उसाची बंदी पाळणं सोपं नव्हतं. नीरा कालव्याखाली शेजारीच ऊस उभा होता आणि त्याचा पैसाही डोळ्यांना दिसत होता. पण आडसाली ऊस दीड वर्ष रानात राहतो, पाणी पीत राहतो. तेवढ्या पाण्यात ज्वारी, गहू, हरभरा कितीतरी जास्त घरांत जातो. हा हिशेब पाइप टाकण्याआधी मांडला गेला, म्हणून पटला. ऊस एकदा लागला की त्याच्यामागे कर्ज असतं, कारखान्याची नोंद असते. मग बोलणी करायला जागाच उरत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं वेगळी वाट धरली. शेतीसाठी बोअर नाही हे तिथं कायमचं ठरलं आहे, पण पिकांचं गणित दरवर्षी नव्यानं बसतं. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी पाहायची, मग ग्रामसभेत ठरवायचं. आधी पिण्याचं पाणी, मग शेतीचं. पाऊस कमी झाला तर रब्बीला कात्री.

याच्या उलट उदाहरण गोदावरी खोऱ्याचं. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं सूत्र २०१४ मध्ये ठरलं. सूत्र न्याय्य आहे, पण ते आलं धरणं बांधून झाल्यावर, पिकं आणि कारखाने वसल्यावर. त्यामुळे कमी पावसाच्या वर्षी नाशिक-अहिल्यानगर आणि मराठवाडा समोरासमोर येतात आणि भांडण न्यायालयात जातं. वरच्या शेतकऱ्याला हा करार वाटत नाही, आपल्या पाण्यावरची जप्ती वाटते.

आपल्या गावात बंधारा, शेततळं किंवा उपसा योजना मंजूर झाली असेल, तर काम सुरू होण्याआधी ग्रामसभा बोलवायला लावा. माणशी वाटा किती, कोणतं पीक चालणार नाही, भूमिहीनांना काय मिळणार, हे इतिवृत्तात लिहून घ्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

(पुढील आठवड्यात : मेंढा-लेखाची सर्वसहमती)