पत्त्याच्या पानाएवढ्या संगणकावरचे युनिक्स

माझ्या टेबलाच्या खणात पत्त्याच्या पानाएवढा एक संगणक बरीच वर्षे पडून होता. रास्पबेरी पायचे २०१२ सालचे पहिले मॉडेल. अशा संगणकावर बहुतेक जण लिनक्स चालवतात. मीही चालवत असे. मागल्या पावसाळ्यात तो बाहेर काढला आणि त्यावर नेटबीएसडी ही दुसरी कार्यप्रणाली घातली. ही दुसरी वाट कुठून आली, ते पाहण्यासारखे आहे.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे मुख्य शिल्पकार. तिची एक शाखा बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात वाढली, तीच बीएसडी. १९९२ साली या शाखेच्या मालकीहक्कावरून खटला उभा राहिला आणि १९९४ साली तडजोडीने मिटला. तोवर १९९१ साली आलेले लिनक्स पुढे निघून गेले होते. नेटबीएसडीची सुरुवात याच धामधुमीतली, १९९३ सालची.

दोघांच्या मांडणीत फरक आहे. लिनक्स हा नुसता गाभा; त्याभोवतीचा संसार निरनिराळे गट जमवतात. नेटबीएसडीत गाभा आणि रोजची अवजारे एकाच घरात, एकत्रच घडतात. शिवाय यंत्राशी थेट बोलणारा भाग इतरांपासून वेगळा ठेवलेला असतो. त्यामुळे नव्या यंत्रावर जाताना सगळे पुन्हा लिहावे लागत नाही.

पण या छोट्या संगणकाची एक गोम आहे. वीज दिली की मुख्य प्रोसेसर आधी जागा होत नाही. आधी उठतो तो ग्राफिक्सचा प्रोसेसर. तो मेमरी कार्डावरच्या काही फाइली वाचतो, कार्यप्रणालीचा गाभा मेमरीत आणून ठेवतो आणि मग मुख्य प्रोसेसरला उठवतो. या फाइलींचा सोर्स कोड खुला नाही. म्हणजे घर आपले, पण पहिली किल्ली दुसऱ्याच्या हाती. कार्यप्रणाली बदलून हे बदलत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? एक उदाहरण देतो. युनिक्स १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजते. ही मोजणी ३२ बिटांत ठेवली, तर १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की जागा संपते आणि घड्याळ १९०१ सालात जाते. नेटबीएसडीने २०१२ सालच्या सहाव्या आवृत्तीतच ३२ बिटांच्या यंत्रांसाठीही ६४ बिटांची मोजणी स्वीकारली. लिनक्सच्या गाभ्यात अशा यंत्रांसाठी ही सोय २०२० साली पुरी झाली. सगळे एकाच वाटेने गेले, तर तिच्यावरचा खड्डाही सगळ्यांचाच होतो. दुसरी वाट वापरात असावी ती यासाठी.

त्या सकाळी माझा हा संगणक चालू असेल की नाही, कोण जाणे. बंद पडला असेल तर निदान तारखेमुळे नव्हे.