नव्याचे जुने होताना

नाशिकमधील कोणत्याही जुन्या वाड्यात वा नव्या सदनिकेत जावे, एक खण असा आढळतोच की, ज्यातील वस्तू कोणी वापरीत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. त्यात किल्लीचे मनगटी घड्याळ असते, फीत गुंतलेल्या दोन-चार कॅसेटी असतात, सेल गळून आतून गंजलेला ट्रान्झिस्टर असतो. आणि अलीकडे त्यांच्या सोबतीला बटणांचे दोन-तीन मोबाइल फोनही येऊन पडलेले असतात. दिवाळीच्या साफसफाईत हा खण दरवर्षी उघडला जातो. ‘हे आता भंगारात द्या’ असे धाकटी पिढी सुचविते आणि ‘असू दे’ एवढेच उत्तर देऊन वडील माणसे तो पुन्हा लावून घेतात. या ‘असू दे’चा अर्थ काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

त्याचे एक सोपे उत्तर आपल्यापाशी तयार असते. म्हातारपणी माणूस मागे पाहू लागतो, त्याला गेलेले दिवस गोड वाटतात, एवढेच ते उत्तर. ते खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. किल्लीचे घड्याळ आजच्या घड्याळापेक्षा चांगले चालत होते असे ते बाळगणारा माणूसही म्हणत नाही. ट्रान्झिस्टरची खरखर कोणाला प्रिय नव्हती. मग जपावयाचे ते काय? आमच्या मते माणूस जपतो ती वस्तू नव्हे. ती वस्तू चालविण्यासाठी त्याने जे हात कमावले, जी नजर कमावली आणि त्या कमाईमुळे घरात व कचेरीत त्याला जो मान मिळाला, त्याची ती खूण असते. वस्तू जुनी झाली याचे दुःख थोडे असते. आपले शिकणे फुकट गेले, ही जाणीव मात्र खोल रुतते. वय झाल्याची पहिली खूण आरशात दिसते असे म्हणतात. पुष्कळांना ती बँकेतल्या यंत्रापुढे दिसते.

हातांची विद्या

टंकलेखनाचेच उदाहरण घेऊ. मॅट्रिकची परीक्षा आटोपली की मुलाचे वा मुलीचे नाव टंकलेखनाच्या वर्गात घालावयाचे, हा कित्येक वर्षे मध्यमवर्गीय कुटुंबांचा शिरस्ता होता. मराठीत मिनिटाला ३० शब्द आणि इंग्रजीत ४० शब्द ही गती म्हणजे सरकारी कचेरीतील लिपिकाच्या जागेची किल्ली होती. ‘ए-एस-डी-एफ’ हे पाठ महिनोन्‌महिने गिरवून बोटांना अक्षरे अशी पाठ होत की, डोळा मसुद्यावरून हलत नसे आणि ओळ संपत आल्याची घंटा वाजताच डावा हात आपोआप वर जाई. अर्थात या विद्येत कष्ट होते. कार्बन घालून चार प्रती काढताना शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकले तर चारही कागद पुन्हा घालावे लागत. पण हजारो सामान्य कुटुंबांना, विशेषतः नोकरीसाठी प्रथमच घराबाहेर पडलेल्या मुलींना, या विद्येने स्वतःच्या पायांवर उभे केले, हेही तितकेच खरे.

१९५५ साली गोदरेज कंपनीने भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले, आणि एकविसाव्या शतकाचे पहिले दशक संपता संपता त्याचे उत्पादन थांबले. इंग्रजी टंकलेखकाचे त्यात तितकेसे बिघडले नाही. १८७०च्या दशकात अमेरिकेत ठरलेली अक्षरांची मांडणीच संगणकाने उचलली, त्यामुळे त्याची बोटे कामाची राहिली. मराठी टंकलेखकाच्या वाट्याला मात्र रेमिंग्टन धर्तीची मांडणी, मग इन्स्क्रिप्ट, मग उच्चारानुसारी मांडणी असे निरनिराळे पाठ एकाच नोकरीत आले. बोटांना एकदा शिकविलेले विसरावयास लावणे हे नव्याने शिकविण्याहून अवघड असते, हे त्याला विचारावे.

तारेची गोष्ट अशीच. १८५४ साली सर्वसामान्यांस खुली झालेली तारसेवा १४ जुलै २०१३च्या रात्री बंद झाली, तेव्हा तिला १५९ वर्षे झाली होती. तार म्हटली की घरातील बायाबापड्यांच्या पोटात गोळा येई. ती वाचण्याआधीच रडे सुरू होई. तेव्हा त्या दिवसांचे उगाच गोडवे गाण्याचे कारण नाही. ध्यानात घ्यावयाची बाब निराळी आहे. दीडशे वर्षांत आजोबा, मुलगा आणि नातू एकाच कट्टकड्‌कट्टवर नोकरी करू शकत होते. यंत्राचे आयुष्य माणसाच्या आयुष्याहून मोठे होते. पेजर आपल्याकडे १९९५च्या सुमारास आला आणि दहाएक वर्षांत दिसेनासा झाला. पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ गल्लोगल्ली उभे राहिले आणि ते चालविणाऱ्यांची मुले कॉलेजात जाण्यापूर्वीच ओस पडले. आता माणसाचे आयुष्य यंत्रापेक्षा मोठे झाले आहे. एका जन्मात एकदाच म्हातारे होण्याची सोय संपली. आता माणूस दर पाच-दहा वर्षांनी नव्याने म्हातारा होतो. तिशीतला शिक्षक वर्गात फ्लॉपीचे नाव काढतो आणि मुले ती कशी असते म्हणून विचारतात, तेव्हा त्यालाही हा अनुभव येतोच.

फाळक्यांची कहाणी

या अनुभवाचे सर्वांत बोलके उदाहरण शोधावयास नाशिककरांना दूर जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे आपल्या काळातील नव्यात नव्या यंत्राचे उपासक होते. छायाचित्रण, ठसे तयार करण्याची कला, मुद्रण असे एकामागून एक तंत्र त्यांनी आत्मसात केले. चाळिशी उलटल्यावर, विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. त्यानंतर त्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशिकला आणला, आणि काही वर्षे हे गाव भारतीय चित्रपटाची राजधानी ठरले.

फाळक्यांची सारी विद्या हाताची होती. कॅमेऱ्याचे हँडल एकाच लयीत फिरविणारे मनगट, उन्हाचा अंदाज घेणारी नजर, पौराणिक चमत्कार पडद्यावर घडविणारी युक्ती, हे त्यांचे भांडवल. सरस्वतीबाई फाळके रात्री अंधाऱ्या खोलीत बसून कच्च्या फिल्मला कडेची भोके पाडीत, ती धुण्यात हात देत. स्त्रिया पडद्यावर यावयास तयार नव्हत्या म्हणून साळुंके नावाच्या तरुणाने तारामती रंगविली.

या नव्या विद्येने कोणाला तरी जुने केलेच होते. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली होती. काचेवरील रंगीत चित्रे कंदिलाच्या प्रकाशात पडद्यावर पाडून, निवेदन आणि संगीत यांच्या साथीने ते आख्याने दाखवीत. पडद्यावरची माणसे खरोखरच चालू लागल्यावर त्या कंदिलाचे तेज ओसरले, हे ओघानेच आले.

आणि मग तीच पाळी फाळक्यांवर आली. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा बोलपट मुंबईत झळकला. त्या वेळी फाळक्यांना साठ वर्षे पूर्ण झाली होती. मूकपट उन्हात निर्माण होत असे. ‘आलम आरा’चे चित्रण मात्र, आगगाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून, बरेचसे रात्री करावे लागले. ज्याने उभा जन्म सूर्यप्रकाशाचा हिशेब मांडला त्याची विद्या एका रात्रीत उलटी झाली, असे म्हणावयास हरकत नाही. पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीने मराठीतील पहिला बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. कथा तीच, हरिश्चंद्राची. फाळक्यांनी ज्या आख्यानाने आरंभ केला त्याच आख्यानाने नव्या युगाने आपला आरंभ केला. या वेळची तारामती मात्र दुर्गा खोटे होत्या, आणि ती बोलत होती, गात होती.

फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ हा अखेरचा मूकपट १९३२चा. त्याला मागाहून आवाज जोडून तो लोकांपुढे आणावा लागला. १९३७ साली त्यांनी कोल्हापुरात ‘गंगावतरण’ हा बोलपट केला. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी संपूर्ण नवे तंत्र घेऊन चित्रपट पुरा करणे ही लहान गोष्ट नव्हे. पण तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. ते नाशिकला परतले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच निवर्तले. ज्यांनी हा धंदा देशाला दिला त्यांचे नाव पुरस्काराला लाभले ते १९६९ साली, पाव शतकानंतर. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही उभे आहे.

या कहाणीत कोणी खलपुरुष नाही. बोलपट यावयासच हवा होता. तो आला नसता तर मराठीला दुर्गाबाईंची तारामती मिळाली नसती. चित्रगृहात पडद्यालगत पेटी-तबला वाजविणाऱ्या कलावंतांचा रोजगार गेला, पण पार्श्वगायनाचे एक अख्खे दालन पुढे उघडले. तेव्हा नवे येऊच नये असे म्हणणे शहाणपणाचे नाही. प्रश्न एवढाच की, नवे येताना जुन्या हातांचे आपण काय करतो?

संस्था आणि माणूस

या प्रश्नाची दुसरी बाजू नाशिकरोडला पाहावयास मिळते. १९२५ साली तेथे सुरू झालेल्या सरकारी प्रतिभूती मुद्रणालयात १९२६ पासून भारताची टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. तोपर्यंत ती लंडनहून छापून येत. तिकिटे, अंतर्देशीय पत्रे, मुद्रांक यांवर वाढलेल्या या संस्थेने पत्रांचा ओघ आटताना पाहिला. रजिस्टर्ड टपालाची स्वतंत्र सेवासुद्धा २०२५ साली स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. तरीही मुद्रणालय बंद पडले नाही. पारपत्रे येथेच छापली जातात, आणि आता इलेक्ट्रॉनिक चकती बसविलेली नवी पारपत्रेही येथेच तयार होतात. संस्था बदलू शकते, कारण तिला वेळ दिला जातो, पैसा दिला जातो, नवी यंत्रे दिली जातात. सामान्य माणसाला यातले काय दिले जाते?

निवृत्तिवेतनधारकांचे उदाहरण पुरेसे आहे. नोव्हेंबर उजाडला की हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ योजनेने तो घरबसल्या देण्याची सोय झाली. सोय निःसंशय मोलाची आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना तिने रांगेतून सोडविले. पण वार्धक्यात बोटांवरील रेषा झिजतात आणि यंत्राला ठसा उमटलेला दिसत नाही. ज्या बोटांनी तीस वर्षे कचेरीचा पत्रव्यवहार टंकित केला, फळ्यावर खडूने लिहिले, त्याच बोटांना यंत्र ‘ओळख पटत नाही’ असे उत्तर देते. चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची वा बँकेत स्वतः जाऊन दाखला देण्याची तरतूद आहे. परंतु ती समजावून सांगणारा माणूस खिडकीत नसला तर तरतूद कागदावरच राहते.

पूर्वी घड्याळ पाहावयास वडील मुलाला शिकवीत. आता नातू आजोबांना फोन शिकवितो. या उलटापालटीत अपमानास्पद काही नाही, शिकविणाऱ्यापाशी धीर असेल तर. ‘आजोबा, तुम्हांला नाही जमायचं, द्या इकडे’ असे म्हणून फोन हातातून काढून घेणे सोपे असते, आणि काम पटकन होतेही. पण त्या क्षणी आजोबांची आणखी एक विद्या कायमची जाते. शाळा-महाविद्यालयांनी श्रमसंस्काराच्या तासात मुलांना वृक्षारोपणास न्यावे, तसेच आठवड्यातील एक तास गावातील वाचनालयात बसवून वृद्धांना अर्ज भरावयास शिकविण्याचे काम द्यावे. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय असलेल्या शहरात जागेची अडचण नसावी. त्या बदल्यात मुलांनीही त्यांच्याकडून काही उतरवून घ्यावे: तार कशी पाठवीत, छापखान्यात खिळे कसे जुळवीत, स्टेन्सिल कसे कापीत. यंत्रे संग्रहालयात ठेवता येतात; ती चालविणारे हात ठेवता येत नाहीत. त्यांची माहिती जी काय मिळावयाची ती हयातीतच मिळेल.

बँका, टपालकचेऱ्या, महापालिका यांनी नवे यंत्र बसविताना जुनी खिडकी त्याच दिवशी बंद करू नये, एवढी मागणी अवास्तव नाही. ज्यांना त्वरा आहे त्यांच्यासाठी यंत्र असावे. ज्यांना विचारावयाचे आहे त्यांच्यासाठी माणूस असावा. यात वृद्धांवर उपकार नाहीत. आज वयाच्या विशीत असलेला आणि अंगठ्याच्या एका फटक्यात पैसे धाडणारा विद्यार्थी फाळक्यांच्या वयाला पोहोचेल, तेव्हा त्याचा हा अंगठाही निरुपयोगी झालेला असेल. ती खिडकी त्याच्याही उपयोगी पडावयाची आहे.